सर्व्हरच्या पोटातला स्विच सगळीकडे सारखा नसतो

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर ही, एका सर्व्हरवर अनेक कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केल्याचं जाहीर केलं. आता मुदतीचं भाडं भरायचं आणि मुदत संपली की पुन्हा भरायचं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत ही बातमी पेपरातून कमी आणि नूतनीकरणाच्या कोटेशनमधून जास्त पोचली. तेव्हापासून फाउंड्री असो, पतसंस्था असो की साखर कारखाना, जिथं म्हणून दोन-तीन सर्व्हर आहेत तिथं विषय एकच: लिनक्सवरच्या प्रॉक्समॉक्सवर जाऊया, का मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही बरं?

चर्चा होते ती लायसन्सची, बॅकअपची, मशीन हलवायची कशी याची. सर्व्हरच्या पोटात एक स्विच आहे आणि तोही या भानगडीत बदलणार आहे, हे मात्र कुठल्याच कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं. रविवारी रात्री सगळं हलवून होतं, मशीन सुरू होतात, पिंग, म्हणजे पलीकडून उत्तर येतंय का बघायची हाक, जातं, मंडळी जेवायला घरी जातात. सोमवारी सकाळी एखादीच गोष्ट चालत नाही, आणि ती का चालत नाही ते बुधवारपर्यंत कळत नाही. बऱ्याचदा कारण असतं हा न विचारलेला स्विच.

हा स्विच असतो कुठं?

ऑफिसात कपाटाच्या वर हिरवे दिवे लुकलुकणारी, केबली खोचलेली चपटी पेटी असते, तो खरा स्विच. प्रत्येक नेटवर्क कार्डाला स्वतःचा एक क्रमांक असतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. आलेलं माहितीचं पाकीट कुठल्या मॅक ॲड्रेसला जायचंय ते बघून नेमक्या त्याच केबलीत ढकलणं हे स्विचचं मूळ काम.

एका दणकट सर्व्हरवर हल्ली दहा-बारा व्हर्च्युअल मशीन चालतात, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभे केलेले कॉम्प्युटर. एकावर टॅली, एकावर हजेरी, एकावर फायरवॉल, म्हणजे इंटरनेटच्या दारावरचा पहारेकरी. त्यांना चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायजर म्हणतात. मशीन सॉफ्टवेअरची, त्यांची नेटवर्क कार्डं सॉफ्टवेअरची, मग ती कार्डं खोचायची तो स्विचही सॉफ्टवेअरचाच. हाच व्हर्च्युअल स्विच. सर्व्हरच्या पाठीला लावलेली खरी केबल ही त्याची बाहेरची वाट, तिला अपलिंक म्हणायचं.

पेटीचा स्विच घेताना आपण चार दुकानं फिरतो, पोर्ट मोजतो, मॅनेज्ड आहे का विचारतो. हा हायपरव्हायजरसोबत आपोआप येतो म्हणून कुणी काही विचारत नाही. आणि गोम इथंच आहे. व्हीएमवेअरनं तो एका विचारानं लिहिलाय, मायक्रोसॉफ्टनं दुसऱ्या, लिनक्सवाल्यांनी तिसऱ्या. नाव सगळीकडे स्विचच.

यादीवाला वॉचमन, चेहरे ओळखणारा वॉचमन

राजारामपुरीतल्या एखाद्या अपार्टमेंटचं गेट डोळ्यांसमोर आणा. एका वॉचमनला सोसायटीनं रजिस्टर दिलंय: अमुक नावाचा माणूस अमुक फ्लॅटमध्ये. पत्र आलं की रजिस्टर बघायचं आणि द्यायचं. रजिस्टरात नाव नसलेलं पत्र बाहेरून आलं तर तो ते सरळ टाकून देतो. आतल्यानं रजिस्टरात नसलेल्या माणसाला पत्र लिहिलं, तर तो माणूस बाहेरचा असणार असं धरून रस्त्यावर पाठवतो.

व्हीएमवेअरचा साधा स्विच, ज्याला स्टँडर्ड स्विच म्हणतात, तो असा आहे. मशीन त्यानंच चालवलेली असल्यामुळं कुणाचा मॅक ॲड्रेस काय हे त्याला आधीच ठाऊक असतं. शिकायची गरज नाही, म्हणून तो शिकतच नाही.

शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमनकडे रजिस्टर नाही. कुठल्या दारातून कोण बाहेर पडलं ते बघून तो लक्षात ठेवतो. ओळखीचा माणूस पाच मिनिटं दिसला नाही की विसरतो. अनोळखी नावाचं पत्र आलं की प्रत्येक दारात जाऊन विचारतो. लिनक्समधला व्हर्च्युअल स्विच, ज्याला लिनक्स ब्रिज म्हणतात, तो असा. प्रॉक्समॉक्समध्ये तुम्हाला मुळात मिळतो तो हाच, आणि त्याची विसरायची मुदत खरोखरच ३०० सेकंदांची असते.

दोघांपैकी चांगला कोण? हा प्रश्न चुकीचा आहे असं माझं मत. रजिस्टरवाल्याकडे गोंधळ कमी आणि फसवणूकही अवघड. पण फ्लॅटमध्ये कुणी पोटभाडेकरू ठेवला तर तो त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो. चेहरे ओळखणारा पोटभाडेकरूलाही सांभाळून घेतो. उद्या कुणी दुसऱ्याचं नाव सांगून बाहेर पडला, तरी त्याच्यावरही विश्वास ठेवतो.

पोटभाडेकरूचा प्रश्न येतो कधी?

वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा. गोकुळ शिरगावातल्या एका कारखान्यातला प्रकार सांगतो. दोन सर्व्हर, दोन्हींवर फायरवॉलचं एकेक व्हर्च्युअल मशीन. एक मुख्य, दुसरं राखीव. दोघांच्या स्वतःच्या आयपी वेगळ्या, पण सगळ्या कॉम्प्युटरना दिलेला पत्ता तिसराच, सामायिक. जो त्या वेळी मुख्य असेल त्यानं त्या पत्त्याला उत्तर द्यायचं. मुख्य मशीन "मी जिवंत आहे" अशी हाळी ठरावीक वेळानं देत राहतं. हाळी थांबली की राखीव पुढं येतं.

व्हीएमवेअरवर हे वर्षानुवर्षं चाललं. हायपर-व्हीवर हलवलं आणि सकाळी इंटरनेट बंद. दोन्ही फायरवॉलच्या स्वतःच्या आयपीला पिंग जातंय, सामायिक पत्त्याला नाही. दोन्हींच्या स्क्रीन उघडल्या तर दोघंही म्हणतायत, मुख्य मीच. "सायेब, दोघंबी पाटील झाल्यात," असं तिथला मुलगा म्हणाला, आणि निदान अचूक होतं.

झालं काय होतं? सामायिक पत्त्यासाठी फायरवॉल स्वतःचा मॅक ॲड्रेस वापरत नाही. त्यासाठी वेगळा मॅक ॲड्रेस असतो, ००-००-५ई-००-०१ नं सुरू होणारा. हाळी त्याच नावानं दिली जाते. हायपर-व्हीच्या स्विचला वाटलं, हे मशीन दुसऱ्याच्या नावानं पत्रं पाठवतंय, म्हणून त्यानं ती गेटवरच अडवली. राखीवला हाळी ऐकू आली नाही, त्यानं समजूत करून घेतली की मुख्य गेला. मशीनच्या नेटवर्क कार्डाच्या प्रगत सेटिंगमध्ये मॅक ॲड्रेस स्पूफिंगला परवानगी द्यायची एक खूण असते. ती मुळात बंद असते. दोन्ही फायरवॉलच्या सगळ्या कार्डांवर खूण केली आणि पाच मिनिटांत एक पाटील शिल्लक राहिला.

व्हीएमवेअरमध्ये याच गोष्टीला तीन खुणा आहेत. एक दुसऱ्याच्या नावानं पाठवण्याची, एक मशीननं आपलाच मॅक ॲड्रेस बदलण्याची, आणि एक सगळ्यांची पत्रं बघू देण्याची, जिला प्रॉमिस्क्युअस मोड म्हणतात. स्टँडर्ड स्विचच्या जुन्या आवृत्त्यांत पहिल्या दोन मुळात चालू असायच्या, म्हणून अर्धं काम न सांगता होऊन जायचं. तिसरी कुणीतरी कधीतरी हातानं चालू केलेली असते आणि विसरलेली असते. लिनक्स ब्रिजवर यातलं काहीच करावं लागत नाही. पण प्रॉक्समॉक्सचं फायरवॉल त्या मशीनवर चालू केलं असेल, तर त्याची मॅक गाळणी तेच काम करते आणि पुन्हा दोन पाटील.

व्हर्च्युअल मशीनच्या आत आणखी व्हर्च्युअल मशीन चालवली तर हाच पेच. आतल्यांची नावं बाहेरच्या रजिस्टरात नसतात. व्हीएमवेअरनं ६.७ या आवृत्तीपासून चेहरे ओळखायची सोय दिली, पण ती महागड्या डिस्ट्रिब्यूटेड स्विचवर. साध्यावर अजूनही प्रॉमिस्क्युअस मोडचाच जुगाड.

डिस्ट्रिब्यूटेड म्हणजे काय, आणि महाग का?

साधा स्विच प्रत्येक सर्व्हरचा स्वतंत्र असतो. तीन सर्व्हर असतील तर तीनदा बनवायचा आणि तिन्हीकडे नावं अक्षरशः सारखी ठेवायची. मशीन चालू असताना एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर न्यायचं असेल, तर तिथं त्याच नावाची जागा सापडली पाहिजे. व्हीएमवेअरमध्ये इंग्रजी मोठं-लहान अक्षर बदललं तरी नाव वेगळं धरलं जातं. हायपर-व्हीत स्विचचं आणि प्रॉक्समॉक्समध्ये ब्रिजचं नाव सगळीकडे एकच ठेवायचं, तोच नियम.

डिस्ट्रिब्यूटेड स्विच एकदा बनवायचा, तो सगळ्या सर्व्हरवर लागू होतो. व्हीएमवेअरनं तो २००९ मध्ये आणला आणि वर्षानुवर्षं सर्वांत वरच्या, एंटरप्राइझ प्लस या लायसन्सलाच बांधून ठेवला. आणि बहुतेक खऱ्या सोयी त्यातच टाकल्या. साध्या स्विचवर मशीनकडून बाहेर जाणाऱ्या माहितीचाच वेग बांधता येतो, येणाऱ्या माहितीचा नाही, डिस्ट्रिब्यूटेडवर दोन्ही. एकाच व्हीलॅनमधल्या, म्हणजे एकाच नेटवर्क-विभागातल्या मशीनना एकमेकांपासून तोडायची प्रायव्हेट व्हीलॅनची सोय डिस्ट्रिब्यूटेडवर. कुठल्या मशीननं कुणाशी किती बोलणं केलं याचा हिशेब काढणारं नेटफ्लोही तिथंच.

हे करणं साध्यात अशक्य होतं असं मला वाटत नाही. यातला काही भाग तंत्राचा आणि काही भाग दुकानदारीचा आहे. पुरावा म्हणून ओपन व्हीस्विच हा लिनक्सवर चालणारा दुसरा व्हर्च्युअल स्विच बघा: नेटफ्लो, त्याच्याच जातीचा एसफ्लो, प्रवाहाची नक्कल, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या पाकिटांची प्रत, सगळं फुकटात देतो. प्रायव्हेट व्हीलॅन हायपर-व्हीत विंडोज सर्व्हर २०१२ पासून आहे, फक्त ते पॉवरशेलच्या काळ्या खिडकीत कमांड लिहूनच लावावं लागतं.

"आमच्याकडं दोन केबली लावल्यात, मग काळजी कसली?"

सर्व्हरला दोन केबली लावून त्यांची जोडी बनवतात, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. प्रश्न असा की एक गेलीय हे कळणार कसं? केबल उपटली तर दिवा विझतो, कळतं. पण मध्ये मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे साध्या केबलीला फायबर जोडणारी डबी, असेल आणि त्याच्या पलीकडची फायबर तुटली, तर अलीकडचा दिवा बऱ्याचदा हिरवाच राहतो आणि अर्धी पाकिटं गुल होतात. यासाठी एलएसीपी नावाची रीत आहे: दोन्ही टोकं एकमेकांना सतत विचारत राहतात, आपण जोडीदार आहोत ना? उत्तर थांबलं की ती केबल बाद.

व्हीएमवेअरच्या स्टँडर्ड स्विचला एलएसीपी येत नाही. बाहेरच्या स्विचवर जोडी बनवायचीच असेल तर त्याला न बोलणारी, पक्की बांधलेली जोडीच चालते. डिस्ट्रिब्यूटेडला येतं. लिनक्सच्या बाँडला, म्हणजे तिथल्या केबल-जोडीला येतं, ओपन व्हीस्विचला येतं. हायपर-व्हीची गोष्ट गमतीची आहे. विंडोज सर्व्हर २०१६ पासून मायक्रोसॉफ्टनं जोडी बनवायचं काम स्विचच्याच पोटात घातलं, आठ कार्डांपर्यंत. पण त्यात एलएसीपी नाहीच. जुनी वेगळी जोडी बनवायची पद्धत होती, तिला एलएसीपी यायचं. विंडोज सर्व्हर २०२२ मध्ये तिच्यावर हायपर-व्ही स्विच नेहमीच्या वाटेनं बसवू देत नाहीत.

म्हणजे व्हीएमवेअरच्या डिस्ट्रिब्यूटेडवरून हायपर-व्हीवर जाताना बाहेरच्या पेटीवर बनवलेली एलएसीपीची जोडी मोडायला लागते. सर्व्हर हलवणारा एक व्हेंडर, पेटी सांभाळणारा दुसरा, आणि पासवर्ड तिसऱ्याकडे, हे आपल्याकडचं नेहमीचं चित्र असल्यामुळं ही दोन मिनिटांची गोष्ट दोन दिवस खाते.

आणखी एक गैरसमज इथंच मोडू. एक-एक गिगाबिटच्या दोन केबली म्हणजे दोन गिगाबिटची एक केबल होत नाही. एका मशीनची दुसऱ्याशी चाललेली एक फाइल-कॉपी एकाच केबलीतून जाते. दुसरी केबल दुसऱ्यांच्या बोलण्यासाठी असते. रात्रीचा बॅकअप दुप्पट वेगानं होत नाही म्हणून स्विचवर राग काढू नये.

वेटोळं आणि सगळा सर्व्हर बंद पाडणारं एक पाकीट

खऱ्या स्विचांमध्ये चुकून केबलचं वेटोळं झालं तर पाकिटं गोल फिरत राहतात आणि नेटवर्क मरतं. ते टाळायला स्विच आपसात एसटीपी नावाच्या रीतीनं निरोप पाठवतात. व्हीएमवेअरचा स्विच यात भागच घेत नाही. एका अपलिंकमधून आलेलं तो दुसऱ्या अपलिंकमधून कधी बाहेर सोडतच नाही, त्यामुळं त्याच्यातून वेटोळं होत नाही. विचार म्हणून हे मला फार आवडतं: सोय दिली नाही, कारण गरजच उरू दिली नाही.

पण मशीनच्या आत कुणी दोन कार्डं एकमेकांना जोडून ब्रिज केली, की ते मशीन एसटीपीचा निरोप पाठवू शकतं. बाहेरच्या पेटीवर असा निरोप आला तर पोर्ट बंद करायची सावधगिरी लावलेली असते. पोर्ट बंद होतो, आणि त्या पोर्टवरची दहा-बारा मशीन एका फटक्यात गायब. व्हीएमवेअरनं ५.१ पासून असा निरोप आतच अडवायची सेटिंग दिली आहे, पण ती आपणहून चालू करावी लागते. लिनक्स ब्रिजला जुन्या पद्धतीचं एसटीपी येतं. प्रॉक्समॉक्स ते बंद ठेवूनच देतं.

कॉलेजच्या पोरांचा प्रश्न: लॅपटॉपवर का चालत नाही?

नेटवर्किंग शिकणारी पोरं लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स हे व्हर्च्युअल मशीन चालवायचं सॉफ्टवेअर टाकतात, दोन मशीन बनवतात आणि एकातून दुसऱ्याला पिंग करतात. जात नाही. कारण मुळात मिळणाऱ्या नॅट प्रकारात प्रत्येक मशीन स्वतंत्र खोलीत बंद असतं: इंटरनेट मिळतं, शेजारी दिसत नाही. नॅट नेटवर्क हा वेगळा पर्याय निवडला की दिसतो.

लिनक्सवर वायफाय कार्ड ब्रिजमध्ये घालायला गेलं तर तो थेट नकार देतो. त्याचा दोष स्विचचा नाही. वायफायचा राउटर फक्त त्याच्याशी जोडलेल्या मॅक ॲड्रेसचीच पाकिटं घेतो, मागं लपलेल्या मशीनची नाही. व्हर्च्युअलबॉक्स आणि हायपर-व्ही मॅक ॲड्रेस बदलून देऊन यातून वाट काढतात.

ज्यांना लॅबमध्ये दोन व्हर्च्युअल स्विचांत एलएसीपी करून बघायचं असतं, ते लिनक्स ब्रिजवर हमखास अडकतात. शेजाऱ्यापुरते असलेले निरोप पुढं पाठवायचे नाहीत असा मूळ नियम आहे आणि ब्रिज तो काटेकोर पाळतो. ब्रिजच्या एका सेटिंगनं काही निरोप सोडता येतात, पण एलएसीपीचे त्यानंही सुटत नाहीत. पेटीच्या स्विचसारखंच वागतोय तो, म्हणून तक्रार करायला जागा नाही.

"मग सरळ ओपन व्हीस्विचच टाकूया की"

हा सल्ला हमखास मिळतो. ओपन व्हीस्विच खरोखर भारी आहे. त्याचा गाभा २०१२ मध्ये लिनक्स ३.३ मध्ये आला, आणि मोठमोठ्या क्लाउडची मशीन त्यावर चालली. सोयींची यादी लावली तर तो बहुतेकांच्या पुढं.

पण त्याच्याही मर्यादा होत्या, आणि त्या गमतीशीर होत्या. लिनक्सचं नेहमीचं फायरवॉल त्याच्या पोर्टवर लागत नसे. त्यामुळं ओपनस्टॅक या क्लाउडवाल्यांनी प्रत्येक मशीन आणि ओपन व्हीस्विच यांच्या मध्ये एक साधा लिनक्स ब्रिज घुसवला होता, केवळ फायरवॉल लागावं म्हणून. २०१६ मध्ये २.५ ही आवृत्ती आली, जोडण्यांची आठवण ठेवायची सोय त्यात आली, तेव्हा तो मधला ब्रिज काढता आला.

दोन-तीन सर्व्हरच्या कारखान्यात मी लिनक्स ब्रिजच ठेवा म्हणेन. रात्री अकराला काही बिघडलं तर ब्रिज समजणारा माणूस कोल्हापुरात सापडतो. ओपन व्हीस्विचच्या प्रवाहाचे नियम वाचू शकणारे किती जण आहेत, ते आपापल्या व्हेंडरला विचारून बघा. बँकेचा ऑडिटर नेटवर्कवरच्या प्रवाहाची नक्कल मागत असेल तर गोष्ट वेगळी. तिथं ओपन व्हीस्विच घ्यावा आणि माणूस शिकवून तयार करावा. हायपर-व्हीत नक्कल काढता येते, पण मूळ मशीन आणि नक्कल घेणारं मशीन एकाच स्विचवर असलं तरच. त्यातलं एक दुसऱ्या सर्व्हरवर गेलं की नक्कल गुपचूप थांबते.

वेग हवा असेल तर?

हा स्विच सर्व्हरच्याच प्रोसेसरवर चालतो, म्हणून प्रत्येक सोयीची किंमत प्रोसेसर मोजतो. ज्यांना ती नको, ते एसआर-आयओव्ही वापरतात: मशीनला खऱ्या कार्डाचा तुकडाच थेट देऊन टाकायचा, मधला वॉचमन वगळायचा. वेग मिळतो, पण वॉचमनची कामंही गेली. प्रवाहाची नक्कल निघत नाही, चालू मशीन हलवणं अवघड होतं. लिनक्समध्ये मॅकव्हीटॅप नावाची अशीच एक हलकी वाट आहे. ती घेतली की मशीन अख्ख्या जगाशी बोलतं, फक्त ज्या सर्व्हरवर चाललंय त्याच्याशी बोलत नाही. आपल्या पहिल्याच फायरवॉलच्या मशीनवर हे लागलं की लोक तासन् तास आयपी तपासत बसतात.

क्लाउडवर गेलं तर ही कटकट सुटते?

ही सुटते, दुसरी लागते. ॲमेझॉनच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधल्या नेटवर्कवर ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना एकदम हाळी, चालतच नाही. त्यामुळं वरची सामायिक पत्त्याची फायरवॉल-जोडी तिथं जशीच्या तशी उभी राहत नाही. त्यासाठी त्यांचे लोड बॅलन्सर किंवा रूटिंगच्या युक्त्या वापराव्या लागतात.

हलवण्याआधी काय बघायचं

जुन्या व्हीएमवेअरच्या प्रत्येक पोर्ट ग्रुपची, म्हणजे मशीन खोचायच्या जागेची, सेटिंग उघडून फोटो काढून ठेवा. व्हीलॅनच्या जागी ४०९५ लिहिलेलं दिसलं तर थांबा. तो खरा व्हीलॅन नव्हे. सगळे व्हीलॅन मशीनला जसेच्या तसे द्या, असा त्याचा साध्या स्विचवर अर्थ. हायपर-व्हीच्या खिडकीत त्यासाठी जागाच नाही, तिथं एकच आकडा लिहिता येतो. सगळे द्यायचे तर पॉवरशेल. प्रॉक्समॉक्समध्ये ब्रिजला व्हीलॅन-अवेअर ही खूण करायची आणि मशीनच्या कार्डावर आकडा रिकामा सोडायचा.

मग त्या तीन खुणा बघा. प्रॉमिस्क्युअस मोड कुठं चालू दिसला, तर तो आपोआप झालेला नाही, कुणीतरी मुद्दाम केलाय. कशासाठी केला ते कागदावर बहुधा सापडणार नाही. करणारा पोरगा एव्हाना पुण्याला नोकरीला गेला असेल, तर मशीन हलवायच्या आधीच त्याला फोन लावा.